पहिल्या पाचात हिलाल

हिलाल पाटील बाकावर बसत नाही. बास्केटबॉलमध्ये पाच जण मैदानात उतरतात आणि उरलेले बाकावर बसतात, एवढं ज्यांना खेळ कळत नाही त्यांनाही कळतं. हिलाल कायम उरलेल्यांतला. पण बाकावरची त्याची जागा रिकामीच. सव्वासहा फुटांचा हा बाबा कडेच्या रेषेला लागून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालत असतो. चेंडू उजवीकडे गेला की हाही उजवीकडे. मध्येच वाकून कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधेल, कोरडा टॉवेल भिजवेल, भिजलेला पिळेल. जळगावच्या एका सामन्यात तर पंचाने शिट्टी फुंकून त्याच्यावरच फाउल दिला. हा खेळतच नाहीये हे लक्षात आल्यावर बिचाऱ्याने तो मागे घेतला.

"अरे, बस की जरा. तुला बघून मला दम लागतो," मी ओरडायचो.

"बठीसन काय करू, भाऊ?" असं म्हणून तो पुढे चालू लागायचा.

मी दीपनगरला वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. नोकरी स्टोअरमध्ये, आणि हौस म्हणून कॉलनीच्या बास्केटबॉल संघाचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे गाडी ठरवायची, केळी आणायची आणि संघ हरला की बोलणी खायची. माझं डोकं लवकर तापतं. त्यामुळे बोलणी मी खातो तशी देतोही.

आमचा पहिल्या पाचातला फॉरवर्ड बदली होऊन विदर्भात गेला, तेव्हा हिलाल आमच्याकडे आला. त्याचं गाव चोपड्याकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. खेळला मात्र सगळी वर्षं धुळ्याच्या एका क्लबकडून. वय झालं म्हणून त्यांनी त्याला निरोप दिला आणि आम्ही उचलला. करारबिरार चहाच्या टपरीवर झाला. आम्ही त्याला बूट, ट्रॅकसूट आणि कॉलनीत एक खोली देणार, सकाळी शाळेच्या पोरांना शिकवण्याचं काम देणार, आणि तो आमच्यासाठी खेळणार. टपरीवाल्याने चहाचे दोन कप पुढे केले. हिलालने पहिला मला दिला, दुसरा शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला दिला आणि तिसऱ्याची वाट बघत उभा राहिला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

कारण हा माणूस कशातच पहिला उतरत नाही. भुसावळ स्टेशनवर आम्ही सरकत्या जिन्यापाशी आलो, तर हा पायथ्याशी थांबला. म्हटलं, काय झालं? म्हणाला, "पहिले देखू द्या. मंग जासू." सबंध गाडीची माणसं वर जाईपर्यंत त्याने पाहून घेतलं. कुणाचा पाय अडखळतो, कोण कठडा कुठे धरतं. मग एका म्हातारीचं गाठोडं खांद्यावर टाकलं, तिचा हात धरला आणि जन्मभर तिथेच राहिल्यासारखा तिला घेऊन वर गेला.

माझ्या मुलीच्या लग्नात त्याला मी पाहुणा म्हणून बोलावलं होतं. पहिली पंगत बसली तेव्हा हा वरणाची बादली घेऊन रांगेत. दुसरी बसली, बट्टीचं टोपलं. कुणाला वांग्याची भाजी परत हवी आणि कुणी नुसतंच नाही-नाही म्हणतंय, ते त्याला लांबून कळायचं. शेवटी आचाऱ्यांबरोबर जेवला. माझी बायको सुमन मला म्हणाली, "तुमच्या सगळ्या पाहुण्यांत हा एकच कामाचा निघाला." माझ्या सख्ख्या भावासमोर म्हणाली. त्यावरून पुढे आठवडाभर रामायण झालं ते वेगळं.

मैदानावरही हेच. पहिला क्वार्टर तो कडेने चालत बघायचा आणि दुसऱ्याला उतरला की समोरच्या संघाची पळता भुई थोडी. "तो चार नंबर डावाकडेच वळस," एवढं पुटपुटून तो नेमका डावीकडे उभा राहायचा आणि चार नंबर येऊन त्याच्या छातीवर आदळायचा. रिबाउंड, म्हणजे रिंगला आपटून परत येणारे चेंडू, तर देवाने त्याच्या नावाने लिहून ठेवलेले. जळगावला आम्ही हरलेला सामना त्याने असा फिरवला, की आमचे क्रीडा सचिव खुर्चीवर उभे राहिले.

आणि गडबड तिथेच झाली. खुर्चीवरून उतरल्या उतरल्या सचिव म्हणाले, "हा माणूस अर्ध्यात एवढं करतो, तर सुरुवातीपासून खेळवला तर काय करेल? याला पहिल्या पाचात घ्या."

घेतला. पहिल्याच सरावाच्या सामन्यात हिलालने चेंडू हातात आल्यावर समोरच्या खेळाडूला "घ्या" म्हणून दिला. तोही इतका गोंधळला, की त्याने परत केला. पुढच्या सामन्यात हिलालने सोपी बास्केट चुकवली, स्वतःच्याच माणसाच्या पायावर पाय दिला आणि पाच मिनिटांत तीन फाउल करून बाहेर आला. बाहेर आल्यावर लगेच रेषेला लागून चालायला लागला आणि चेहऱ्यावर रंग परतला.

कॉलनीत दोन तट पडले. भाजीबाजारात, दवाखान्याच्या रांगेत, जिथे जाल तिथे एकच प्रश्न, हिलाल सुरुवातीला चालेल का? निवृत्त फोरमन चौधरी नाना म्हणायचे, "बट्टी आधी उकडतात, मग तुपात टाकतात. त्याला आधी उकडू द्या ना." दुसरा तट म्हणायचा, पगारी माणूस आहे, सांगितलं तेव्हा खेळलं पाहिजे. आमचे कोच पवार सर दोन्हीकडून बोलायचे. मला रात्री झोप लागेना. मी एक युक्ती काढली. सराव सुरू व्हायच्या आधी फलकावर दुसरा क्वार्टर लावून ठेवला आणि दहा-वीस गुणही टाकून दिले, म्हणजे त्याला वाटावं खेळ कधीचा चालू आहे. हिलालने फलक पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, मी खुया नही शे." आपल्याकडे खुळ्याला खुया म्हणतात. खुळा कोण होता ते पवार सरांच्या हसण्यावरून सगळ्यांना कळलं.

शेवटी सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. "पुढचा सामना धुळ्याला, त्याच्या जुन्या क्लबशी. हिलाल पहिल्या पाचात उतरला तर ठीक. नाहीतर चाळीसगावचा एक उंच पोरगा तयार आहे, त्याला घेऊ. मग ती खोलीही लागेल."

म्हणजे खेळ गेला, काम गेलं आणि खोलीही गेली. या वयात दुसरा संघ त्याला दारात उभं करणार नव्हता. गावी जमीन चुलत्यांकडे, घराला कुलूप. मी हिलालला हे सांगितलं तेव्हा तो खोलीबाहेर कपडे वाळत घालत होता. सगळं ऐकून घेतलं, एक शर्ट तीनदा झटकला आणि म्हणाला, "माले नही जमाव, भाऊ."

"का नाही जमणार? अंगात सगळं आहे की."

"नही जमाव," एवढंच. मी चिडून निघून आलो.

धुळ्याला आम्ही क्रूझर करून निघालो. मधल्या वारी सामना, त्यामुळे कॉलनीतलं एकही माणूस बघायला आलं नव्हतं. एरंडोलपर्यंत मी गप्प होतो, हे माझ्या मानाने पुष्कळ झालं. पारोळ्याला चहाला थांबलो. पोरं टपरीकडे गेली आणि हिलाल गाडीभोवती चकरा मारायला लागला. चौथ्या चकरेला मी त्याची बाही धरली.

"आता खरं सांग. सुरुवातीला कधी खेळलाच नाहीस का तू?"

"खेळेल शे ना," तो म्हणाला. "माय व्हती तवय."

मग तो बोलला, चालता चालता, आणि मीही त्याच्याबरोबर गाडीभोवती फिरत ऐकलं. तरुणपणी तो धुळ्याच्या पहिल्या पाचात होता. सामन्याआधी पहिल्या पाचांची नावं माइकवरून पुकारतात, एकेक जण धावत मैदानात जातो आणि ज्याची त्याची माणसं टाळ्या वाजवतात. हिलालची आई गावाहून एसटीने यायची. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. पोराचं नाव पुकारलं की ती उभी राहून टाळ्या वाजवायची आणि तिच्यापुरता सामना संपला, म्हणून परतीच्या गाडीला निघून जायची. निकाल तिला कधी कळला नाही आणि तिने विचारलाही नाही.

"माय गयी, आणि मंग एक डाव नाव पुकारं," हिलाल म्हणाला. "मी पयत मझार गऊ. कोनीच नही वाजाडी. पुढला पोऱ्याना नाववर पुरी गॅलरी वाजनी." नाव पुकारल्यावर पळत आत गेला आणि एकही टाळी नाही, त्यानंतर तो सुरुवातीला उतरला नव्हता. खेळ तापलेला असताना बदली म्हणून आत गेलं, की तेवढ्या आरडाओरड्यात कुणासाठी टाळी आहे आणि कुणासाठी नाही, हे कुणाला समजत नाही.

मग मला जळगावचं आठवलं. आमच्या पोरांची नावं पुकारताना रेषेवरून हिलाल आपल्या फावड्याएवढ्या हातांनी टाळ्या वाजवायचा. माझ्या कानठळ्या बसायच्या आणि मी त्याला दटावायचो. आमच्या संघातली निम्मी पोरं बाहेरगावची, त्यांचंही गॅलरीत कुणी नसतं.

"मी मझार गऊ, ते भाईर टाया वाजाडाले कोन ऱ्हाई?" त्याने विचारलं.

इथे काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. पण मी मी आहे. म्हणालो, "मी आहे ना, मेलो का? हात काय फक्त केळी मोजायला दिलेत मला देवाने? उतर तू." तो गाडीत जाऊन बसला. धुळ्यापर्यंत त्याचा गुडघा मागून माझ्या सीटला ढोसत राहिला.

धुळ्याचं मैदान भरलेलं होतं. सगळी गॅलरी त्यांची. रिक्षावाले, गल्लीतली म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, शेंगदाणे विकणारे, सगळे. पवार सरांनी पहिल्या पाचांची यादी दिली आणि तिसरं नाव हिलालचं होतं. माइकवाल्याने आमची नावं सुरू केली. पहिला पोरगा गेला. मी, बाकावरची पोरं आणि रेषेवर उभा हिलाल, एवढेच वाजवत होतो. दुसरा गेला, तेच. हिलालचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता हा पळतो. दरवाजाच्या बाजूला सरकून मी उभा राहिलो, खरं सांगतो, त्याला अडवायला.

"हिलाल पाटील," माइकवाला म्हणाला.

मी जीव खाऊन टाळ्या वाजवल्या. आणि मग मला माझ्या टाळ्या ऐकू येईनाशा झाल्या. समोरची गॅलरी उठली होती. आधी वरच्या पायऱ्यांवरचे म्हातारे उठले, मग खालचे, मग शेंगदाण्याची पाटी बाजूला ठेवून तो विकणाराही. "आपला हिलाल शे रे," कुणीतरी म्हणालं. समोरच्या संघाचा माणूस आहे याचं कुणाला काही नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी त्याला त्यांच्याच मैदानाच्या कडेने चालताना पाहिलं होतं. त्यांच्या पोरांच्या नाड्या त्याने बांधल्या होत्या. त्या एका डावानंतर तो कधी नाव पुकारून आत गेलाच नाही, मग बिचाऱ्यांनी टाळी वाजवायची तरी केव्हा?

हिलाल मैदानाच्या मध्यापर्यंत धावला आणि थांबला. मान वळवून मागे पाहू लागला. तेवढ्यात चौथं नाव पुकारलं गेलं, आणि तो तिथूनच त्या पोरासाठी टाळ्या वाजवायला लागला.

सामना आम्ही हरलो. हिलाल पहिल्या पाच मिनिटांत जरा चाचपडला, मग खेळला, चांगला खेळला, शेवटपर्यंत खेळला. मी सचिवांना मैदानावरूनच फोन करून सांगितलं, की फॉरवर्ड सापडला आहे आणि चाळीसगावच्या पोराला शुभेच्छा कळवा. ते निकाल विचारत होते. मी फोन ठेवला.

परतताना पोरं झोपली. हिलाल माझ्या शेजारी बसला होता. गुडघा हलत नव्हता. पारोळा मागे पडल्यावर त्याने मला हळूच विचारलं, पोरं उठू नयेत म्हणून.

"भाऊ, मन्हं नाव पुकारं तवय मन्हा मांगे कोन व्हतं?"

"मागे? कुणी नव्हतं."

"नीट आठवा ना. कोनी मोठा खेळाडू येल व्हई. लोके उभा राहिनात."

मी त्याला सांगितलं. एकदा सांगितलं, परत सांगितलं. तो "हा, हा" म्हणत राहिला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्याने तोंडावर रुमाल धरला. मी ड्रायव्हरला गाडी जरा हळू चालव म्हणून सांगितलं.