मंडळाची भांडी आणि हिराकाकू

लग्नात अंतरपाट धरला की सगळा मांडव नवरानवरीकडे बघतो. आमची हिराकाकू बघते आचाऱ्याकडे. मंगलाष्टकं चालू असताना ती हळूच मागे सरकते, भाताच्या टोपाशी जाऊन उभी राहते आणि म्हणते, "बाबा, झारा बुडाला घासू नको. टोप मंडळाचा हाय, तुझ्या बापाचा नाय." आचारी नवा असला तर चिडतो. जुना असला तर आधी तिला बसायला खुर्ची देतो.

हिराकाकू म्हणजे आमच्या महिला मंडळाची भांडी सांभाळणारी. मंडळाची अध्यक्ष मी, पण ते आपलं नावाला. मासवणच्या अलीकडे आमचं गाव. लग्न असो, बारसं असो की तेरावं, मोठी भांडी मंडळाकडूनच न्यायची, ही इथली रीत. आणि मंडळाची भांडी राहतात हिराच्या घरी. पडवीत टोप, मधल्या खोलीत पराती, पलंगाखाली झारे आणि ओगराळी. हिरा राहते उरलेल्या जागेत.

भांड्यांना तिने नावं दिलीत. सगळ्यात मोठा टोप म्हणजे सासूबाई, कारण हलवायला चार जणी लागतात. एका परातीचं नाव जावई. "दिसाया चकचकीत, पण ठेवाल तिथं डुगडुगतो." भांडी परत आली की प्रत्येकावर बोटाने टकटक करून कान लावायचा. "ही आपटलीय कुणीतरी!" भांडी आणणारी पोरं तिला डिवचतात, "काकू, तू डाक्टर व्हायला पायजे होतीस."

"झाले असते तर पयला तुझ्या बापाला तपासला असता. गेल्या शिमग्याला कळशी नेली, ती अजून आणतोच हाय!"

तर यंदा आमच्या बाजूचा रस्ता रुंद व्हायला लागला. रस्त्याच्या कंपनीने जाहीर केलं, ज्या गावांवरून रस्ता जातो तिथल्या संस्थांना चांगल्या कामासाठी मदत देऊ. झालं! क्रिकेट खेळणाऱ्या पोरांची रातोरात क्रीडा संस्था झाली. आमच्या भजनीबुवांची पेटी वर्षभर फुसफुसत होती, तिचं सांस्कृतिक केंद्र झालं. मंडळ आमचं मात्र जुनं, रीतसर नोंदलेलं. आम्ही मागितली भांड्यांसाठी एक पक्की खोली, पंचायतीच्या जागेवर. बाहेर घासायला ओटा आणि नळ.

कंपनीच्या मॅडम पाहणीला आल्या. कोवळी पोर, हातात हेल्मेट. टोपांमधून वाट काढत हिराच्या पडवीत येऊन बसल्या.

"काकू, यात लाभार्थी कोण?"

"जेवणारे."

"साधारण किती असतील?"

"पंगत उठल्याबिगर कसं सांगू?"

मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, "बघा, खोली झाली की तुमच्या घरातली ही सगळी अडगळ जाईल. चावी पंचायतीत राहील. तुम्ही सुटाल!"

हिराने जवळची परात ओढली आणि पदराने पुसायला लागली.

त्यानंतर मंडळाच्या बैठकीत तिने जो काही घोळ घातला, विचारू नका. खोलीचं दार रस्त्याकडे नको, धूळ येईल. आम्ही दार फिरवलं. उंदीर येतील. आम्ही जाळी ठरवली. मग म्हणते कशी, "सासूबाईला परकी जागा मानवायची नाय." सगळ्या खो खो हसल्या. हिरा काही हसली नाही. मंडळातल्या सुमनच्या लेकीचं लग्न ठरलेलं, तिला घाई. ती तडकली, "काकू, आख्ख्या गावाची सोय होते, तुलाच काय टोचतंय?" हिरा उठून चालती झाली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. आधीच लखलखीत असलेला टोप पुन्हा राखेने घासत बसली होती.

"वयनी, तुमी खोली बांधा. माझ्यापायी गावाचं नुकसान नको."

"अगं, पण झालंय काय तुला?"

हात थांबला नाही तिचा. "ह्यांना जाऊन किती वर्सं झाली. पोरबाळ नाय. माझ्या दारात कधी लग्नाची पत्रिका आलेली बघितली तुमी?"

मी आठवायला लागले.

"नाय आली. कुणाच्या मनात वाईट नसतं हो. एकट्या बाईची आठवणच नाय राहत. पण भांडी न्यायला आले, की जाता जाता म्हणतात, 'काकू, ये हां लग्नाला.' म्हणून मी जाते. उद्या चावी पंचायतीत गेल्यावर, मला कोण म्हणंल?"

मी अध्यक्ष, चार बायकांत बोलणारी. राखेचा डबा जवळ ओढला आणि समोरून मीही तोच टोप घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी सुमनला एकटीला गाठून मी हे सांगितलं. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत नुसती उभी राहिली.

खोली झाली. चांगली झाली. भांडी टेंपोत चढवली ती हिरानेच, एकेक करून. मग तिच्या घरात इतकी जागा झाली की बोललं की आवाज घुमायचा.

आणि एक दिवस सुमनने मला हाक मारून बरोबर घेतलं. ताटात अक्षता, पत्रिका. हिरा दारात आली, आम्हाला बघून म्हणाली, "चावी माझ्याकडं नाय गो आता. पंचायतीत जा."

"भांडी नको, काकू," सुमन म्हणाली. "तुला बोलवाया आले. पयली पत्रिका देवाला ठेवली. ही दुसरी."

हिराने हात पदराला पुसले. पत्रिका घेतली, उलटीसुलटी करून बघितली. "बसा, बसा, चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

तीन कप चहाला एवढा वेळ लागत नाही. सुमन आणि मी पडवीत बसून होतो. आतून नाक ओढल्याचा आवाज आला, की आम्ही मुद्दाम मोठमोठ्याने साड्यांचं बोलत होतो.