समुद्राचा तुडूम

यादोजीकाकांना कुठलंही पाणी दाखवा, ते आधी त्याची बाहेर पडायची वाट शोधतात. दोन वर्षांपूर्वी पवनीच्या एका लग्नात मंडपाच्या दाराशी कारंजं ठेवलं होतं. प्लास्टिकचे दोन हंस, मधे निळा दिवा आणि वर उडणारं पाणी. वऱ्हाडी मंडळी हंसांच्या माना धरून फोटो काढत होती. काका मात्र धोतर खोचून कारंज्याच्या मागे गेले, ओणवे झाले आणि एका हंसाच्या पोटाखाली हात घालून चाचपू लागले. मंडपवाला धावत आला.

"काय पाहून राहिले बाबाजी?"

"याचा तुडूम कोठी आहे?"

तुडूम म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधातून, पाळीतून, शेतांकडे पाणी सोडायचं दार. आमच्या भंडारा जिल्ह्यात एक वेळ गावाला देऊळ नसेल, पण तलाव असतोच, त्यामुळे मंडपवाल्याला शब्द माहीत होता. प्रश्न मात्र कळला नाही. हे पाणी बाहेर जातच नाही, तेच ते वर जातं आणि तेच खाली पडतं, असं त्यानं समजावून सांगितलं. काकांनी हंसांकडे असं काही बघितलं, की मला त्या हंसांची दया आली.

"जे पानी कोनाच्या बांधीत जात नाही, ते कायचं पानी?" असं म्हणून ते पंगतीत जाऊन बसले. बांधी म्हणजे धानाचं खाचर. काकांच्या लेखी जगात पाणी आहे, बांधी आहे आणि या दोघांच्या मधे तुडूम आहे. बाकी सगळा पसारा.

मी त्यांचा शेजारी. हायस्कुलात भूगोल शिकवतो. काकांचे आजे, वडील आणि ते स्वतः अशा तीन पिढ्यांनी आमच्या जुन्या गावच्या तलावाचं पाणी वाटलं. कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जायचं, हे तेच ठरवायचे आणि त्यांचा शब्द शेवटचा. एका कोरड्या साली सख्ख्या भावानं अर्धा तास जास्त मागितला, तर काका म्हणाले, "पान्याले सोयरा नसते." भाऊ दिवाळीपर्यंत बोलला नाही. पुढे गोसीखुर्दचं धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, तलावही त्याच पाण्यात बुडाला, आणि आम्ही सगळे पट्टीनं आखल्यासारख्या नव्या वसाहतीत राहायला आलो. काकांकडे वाटायला पाणीच उरलं नाही. तेव्हापासून ते सार्वजनिक नळावर उभे असतात. नळ सकाळी पाऊण तास येतो, काका त्याच्या आधी येतात आणि बायांचे गुंड, म्हणजे पाण्याच्या कळशा, ओळीनं लावतात. "शालूबाई, तुमची पाळी झाली, सरका." नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांना ते ग्रामपंचायतीचे माणूस वाटतात. एकीनं तर पाणी गढूळ येतं म्हणून त्यांच्याकडे तक्रार केली. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि "पाह्यतो" म्हणाले.

या माणसाची एकच गोष्ट मला कधी उमगली नव्हती. दरवर्षी जेठ महिन्यात धरणाचं पाणी उतरतं आणि जुनं गाव पंधरा-वीस दिवस उघडं पडतं. मग सगळी वसाहत तिकडे लोटते. कोणी मारुतीपुढे नारळ फोडतं, कोणी नातवाला आपल्या घराची जागा दाखवतं. काकांच्या बायको, पारबताकाकू, गुडघे कितीही दुखोत, दरवर्षी जातात. काका एकदाही गेलेले नाहीत.

"गुरुजी, तुमचं आयकतीन ते," काकू एकदा आमच्याकडच्या बायकांच्या 'मी जातो, मी येतो'च्या बोलीत मला म्हणाल्या. "एकडाव संगं यावं म्हनतो मी. माह्ये पाय चालून राहिले तवरक. दुसरं काही नाही मागत."

मी काकांकडे विषय काढून बघितला. ते खाटेवर बसून विडी ओढत होते. "पान्यानं नेलं ते नेलं," ते म्हणाले. "त्याच्या मांगं कायले जायचं?" आणि उठून घरात निघून गेले. ज्या माणसाला प्लास्टिकच्या हंसाच्या पोटातलं पाणी कुठे जातं याची काळजी, त्याला आपलं स्वतःचं गाव बघायचं नव्हतं. मला रागच आला होता त्यांचा.

बेटावर जायची कल्पना माझ्या मुलीची. ती पुण्याला नोकरी करते आणि मैत्रिणींबरोबर कुठे कुठे तंबूत राहायला जाते. "बाबा, तुम्ही सगळे मिळून एकदा कोकणात बेटावर जा," असं ती म्हणाली आणि मी ते भजनी मंडळात बोलून बसलो. मंडळानं टाळ खाली ठेवायच्या आत होकार दिला. तंबू म्हणजे सप्ताहाचा मांडव असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. काका तेवढे नाही म्हणत होते. शेवटी काकूंनी त्यांची दुखरी नस दाबली. "समुंदराचं पानी कोन वाटते, ते तं पाहून या."

दुसऱ्या दिवशी काकांनी बांबूच्या हातभर लांब चार काड्या तासल्या, पाणी मोजायला त्यांच्यावर खाचा पाडल्या आणि पिशवीत भरल्या. काकू धरून आम्ही चौदा जण निघालो. सोबत ढोलकी, टाळ आणि घरचा वीस किलो तांदूळ, कारण तिकडचा तांदूळ कसा असतो कोणाला ठाऊक.

इथे एक कबुली देऊन टाकतो. मी अठ्ठावीस वर्षं समुद्र शिकवतोय, पण बघितला नव्हता. दोन दिवसांच्या प्रवासानंतर बस एका उतारावर वळली आणि नारळांच्या मधून तो दिसला. आमच्या बसमध्ये एरवी कोणी बोलायचं थांबत नाही. तेव्हा थांबले. मी फळ्यावर निळ्या खडूनं जे काढत आलो होतो, त्याची मला लाज वाटली.

किनाऱ्यावर उतरल्यावर काकांनी चपला काढून हातात घेतल्या.

"गुरुजी, पाळ कोठी आहे याची?"

"पाळ नाही काका."

"पल्याडच्या अंगानं असन?"

"पल्याड दिसतच नाही ना."

काकांनी पाण्यात एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. तुडूम कुठे, हे त्यांनी विचारलंच नाही. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पाण्यासमोर तो प्रश्न न विचारण्याची त्यांची ती पहिली वेळ.

होडीनं बेटावर पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. पाणी काठोकाठ, पार सुरूच्या झाडांच्या मुळांना लागलेलं. काकांनी गुडघाभर पाण्यात सुरुवात करून काठापर्यंत एकामागे एक अशा चार काड्या रोवल्या आणि मगच जेवायला बसले. पोटात घरचा भात आणि अंगात दोन दिवसांचा शीण, तंबू कसे उभे करायचे याची चर्चा करता करता अख्खं मंडळ झाडांखाली घोरायला लागलं.

"पाळ फुटली! उठा रे! पाळ फुटली!"

ही हाक तलावाच्या माणसाच्या रक्तात असते. ती ऐकल्यावर विचारायचं नसतं, धावायचं असतं. आम्ही धावलो. कोणाच्या हातात भाताचं पातेलं, कोणाच्या हातात तंबूची ताडपत्री. ढोलकीवाला ढोलकीच घेऊन आला. भगदाडात घालायला म्हणून आणली, असं तो नंतर म्हणाला. आणि काठावर येऊन बघतो, तर खरंच पाणी नव्हतं! दुपारी जिथे डोक्याइतकं पाणी होतं, तिथे काळे खडक आणि ओली वाळू, दूरवर. आमची होडी एका कुशीवर कलंडून पडली होती. काकांच्या चारही काड्या कोरड्या.

"वरच्या अंगानं पाहा! भगदाड मोठं असन! मानसं दोन ओळीत करा!" काका ओरडत होते. किती वर्षांनी तो आवाज ऐकला! नळावरचा नव्हे, तलावावरचा. आम्ही दोन ओळी केल्या. आणि मी, भरती-ओहोटीवर दरवर्षी पाच गुणांचा प्रश्न काढणारा भूगोलाचा शिक्षक, घाम गाळत बादलीत वाळू भरत होतो.

आमचा होडीवाला जवळच्या खडकावर कालवं काढत बसला होता. तो हातातलं काम टाकून आमच्याकडे बघत राहिला.

"काय झाला ओ तुमका?"

"पानी गेलं ना बाप्पा!" काका म्हणाले. "कोनं सोडलं?"

"कोणी नाय सोडूक. ओहोटी ही. राती परत येतला."

"परत येते?"

"रोज दोनदा जाता, दोनदा येता."

एवढं झाल्यावर मला माझी नोकरी आठवली. मी बादली खाली ठेवली आणि चंद्र, पृथ्वी, गुरुत्वाकर्षण वगैरे सगळं सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तुमाले माहीत होतं, गुरुजी?"

"हो, म्हणजे... होतं."

"मंग बादली कायले भरून राहिले होते?"

मी बादलीतली वाळू ओतून टाकली.

मग काका समुद्राच्या तळावर उतरले. तळावर! आम्ही सगळे त्यांच्या मागे. वाळूवर नांगरल्यासारख्या वळ्या होत्या, खळग्यांत थोडं थोडं पाणी उरलेलं, त्यात बोटाएवढे मासे. कालवं तोंडं घट्ट मिटून खडकांना चिकटलेली. काका प्रत्येक गोष्टीशी थांबत होते. एका खळग्याशी वाकून त्यांनी होडीवाल्याला विचारलं, "हे मरत नाही?"

"नाय. पाणी येयपर्यंत थांबतत."

थोडं पुढे वाळूत एक दगडी खांब होता, गळ्याशी गंजलेली लोखंडी कडी. होडीवाल्याच्या पणज्यानं होड्या बांधायला रोवलेला. रोज दोनदा बुडतो, दोनदा वर येतो. काकांनी त्याच्यावरचं शेवाळ अंगठ्यानं पुसलं, खांब हलवून बघितला. तो तसूभर हलला नाही. काका तिथे इतका वेळ उभे राहिले, की होडीवाल्यालाच त्यांना परत चला म्हणावं लागलं. रात्री भजन झालं, पण काकांनी एकही अभंग म्हटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा उतरलेलं होतं. दुपारी भरतीला होडी निघणार होती. चहा झाल्याबरोबर काका आपल्या काड्यांपाशी जाऊन बसले. काकू त्यांच्याशेजारी पाय लांब करून बसल्या, आणि मीही गेलो, कारण मलाही ते बघायचं होतं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

पाणी आवाज न करता आलं. आधी दूरच्या घळीतून एक बारीक धार सरकली. तिनं एक खळगा भरला, मग त्याच्या काठावरून पुढचा, मग त्याच्या पुढचा. एकही खळगा मधे सुटला नाही. काका पुढे वाकून बघत होते.

"वाटून राहिलं," ते हळूच म्हणाले. "पाहा गुरुजी, सगळ्यायले देऊन देऊन येऊन राहिलं."

पहिली काडी बुडाली. दुसरी बुडाली. दगडी खांब कमरेइतका गेला, गळ्याइतका गेला, आणि मग त्याच्या जागी नुसतं चमकणारं पाणी राहिलं. चौथ्या काडीला पाणी लागलं तेव्हा काका उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. जन्मभर पाणी वाटलेल्या माणसानं जोडलेले ते हात बघून माझेही हात आपोआप जुळले. एवढं मोठं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि ते एकट्यानं बघितलं नाही हे माझं भाग्य.

खाली बसताना काका माझ्याकडे न बघता बोलले. "मले वाटे, पानी उतरल्यावर खाली काहीच दिसनार नाही. सारं खाऊन टाकलं असन त्यानं. म्हनून नाही गेलो मी गावाले."

मग ते काकूंकडे वळले.

"पारबता, तू जाते तं आपल्या घराचा ओटा दिसते का वो?"

"दिसते जी."

"पडला नाही?"

"एक कोना गेला. बाकी तसाच हाये. गाळ बसते त्याच्यावर. मी झाडून येतो."

"दरसाली?"

"दरसाली. झाडतो, सडा टाकतो, घडीभर बसतो अन् येतो."

आम्ही सगळे दरवर्षी त्याच गावात जात होतो, आपापल्या घरांच्या जागा शोधत होतो, आणि ही म्हातारी पलीकडे एकटी ओटा झाडत होती, हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं.

"एकटीच बसते?" काकांनी विचारलं.

"तं कोन आहे दुसरं?"

होडीवाला हाका मारू लागला. मंडळी सामान उचलून निघाली. काका उठले, काकूंना त्यांनी हात देऊन उठवलं, पण पाऊल पुढे टाकलं नाही.

"या जेठात झाडू मी मारीन," ते म्हणाले. "तुह्यानं वाकनं होत नाही आता. अन् सड्याले गुंडभर पानीबी मीच आनीन."

काकूंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं.

"दोन गुंड आना जी," त्या म्हणाल्या. "एकात नाही होत."