घट्ट धरा, आई!

"ताई, या गाडीचा एक्सलरेटर अंगठ्याशी असतो. इंजिन चालू असताना फोटोबिटोला कुणाला बसवू नका," कशेळीच्या दुकानदाराने चावी देताना बजावलं होतं. ऋतिकाने ते उडवून लावलं. "दादा, मला धास्ती दोघांचीच. एक हे," तिने नवऱ्याकडे, मितेशकडे बोट दाखवलं, "आणि दुसरी ही," म्हणत पाच वर्षांच्या मृणालीचं मनगट आणखी आवळलं.

अंजूरला त्यांच्या निम्म्या शेतावर गोदामं उभी राहिली. उरलेल्या खाचरांत उधळायला मितेशला ती जाड टायरांची चारचाकी बाइक, एटीव्ही, हवी होती. ऋतिकाने महिनाभर अपघातांचे व्हिडिओ बघून नियम केले: हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, मागे कुणी बसायचं नाही, मृणाली पॅड घालूनही दहा हात लांब.

पूजेच्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं. ते चिरडायला मितेशने गाडी सुरू केली आणि आधी नारळ फोडायचा राहिला म्हणून खाली उतरला. तेवढ्यात ऋतिकाच म्हणाली, "आई, तुम्ही बसा ना, एक फोटो काढते."

सासूबाई, गुणाबाई, लुगडं सावरून बसल्या. "अगो, हात कुठं ठेवू?"

"हँडलला. घट्ट धरा, पडाल!"

गुणाबाईंनी अंगठ्यासकट घट्ट धरलं. लिंबू चिरडलं, पूजेचं ताट उडालं, गाडी सुसाट खाचरात.

"आये, सोड!" मितेश ओरडला.

"सोडू नका, पडाल!" ऋतिका किंचाळली.

लग्नाला सात वर्षं झाली. गुणाबाईंनी सुनेचं ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

गाडी बांधावर चढली, कलली. गुणाबाई इकडे पेंढ्यात, गाडी पलीकडे उलटी. ऋतिका धावली. "आई! मान हलवू नका!"

पेंढ्यातून मान वर आली. "मना काय न्हाय झाला. गाडीला कुठं लागला काय बघ."

डावं मनगट मुरगळलं होतं, बस. "गाडी अंगावर आली असती तर?" डॉक्टरांनी एवढंच विचारलं. ऋतिकाने घरी येऊन चावी तांदळाच्या डब्यात खोल पुरली.

आठवड्याने मृणाली रडत आली. "मम्मी, माझे पॅड आजीने नेले. पप्पांचं हेल्मेटपण!"

ऋतिकाने डब्यात कोपरापर्यंत हात घातला. नुसतेच तांदूळ. रोज भाताचं माप कोण घेतं, हे तिला तेव्हा आठवलं. खाचराकडून घर्रर्र आवाज आला.

तेव्हापासून ती भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही सांगतेय: पोरांवर आपला डोळा असतोच हो. तुमच्या सासूबाई आत्ता कुठे आहेत, तेवढं जरा उठून बघून या.