मोतीतळ्याच्या पक्षीगणनेचे उद्घाटन

कोणतीही गोष्ट उद्घाटनाआधी अस्तित्वात नसते, हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे मूलतत्त्व आहे. पूल वर्षभर वापरात असतो, पण फीत कापेपर्यंत तो नसतो. पाण्याची टाकी गळत असते, पण नारळ फुटेपर्यंत ती गळती अधिकृत नसते. हाच नियम पक्ष्यांना लावणारी समिती अमरावती जिल्ह्यात, मोर्शीच्या रस्त्यावर, आमच्या मोतीतळ्याकाठी स्थापन झाली आणि मी तिचा सदस्य आहे, याचा मला अभिमान वाटतो.

गणना कशासाठी, हे आधी सांगितले पाहिजे. मोतीतळ्याचे सौंदर्यीकरण मंजूर झाले होते. म्हणजे अर्धे तळे बुजवून तिथे पेव्हर ब्लॉक, संगीत कारंजे आणि 'आय लव्ह मोतीतळे' अशी मोठी अक्षरे बसवायची. (प्रेम व्यक्त करायला जागा लागते.) त्यात नीलम वानखडे मॅडमनी खोडा घातला. मॅडम गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि थंडीभर पहाटे तळ्यावर येऊन हंस पाहतात. त्यांना दुसरे व्यसन नाही. डोक्यावर काळे पट्टे असलेले हे राखाडी हंस हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात इथे उतरतात. मॅडमनी वर अर्ज केला. वरून उत्तर आले की स्वयंसेवकांनी पक्षीगणना करावी. परदेशी पक्षी आढळल्यास काम रद्द, न आढळल्यास सोमवारपासून जेसीबी.

गणना रविवारी सकाळची ठरली. अध्यक्ष रामरावभाऊंनी थोड्या वेळात मोठी तयारी केली. मंडप, खुर्च्या, प्रत्येक स्वयंसेवकाला पिवळी टोपी आणि पलीकडच्या काठावर प्रमुख पाहुण्यांचा तीस फुटी फ्लेक्स. स्वयंसेवक दीडशे आले. त्यांपैकी पक्षी ओळखणारे चार, वांग्याची भाजी ओळखणारे दीडशे. (गणनेनंतर रोडग्यांचे जेवण होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा, त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी. निसर्गप्रेम रिकाम्या पोटी टिकत नाही.)

हंस समोरच होते. चांगला मोठा थवा पाण्यावर निवांत बसला होता. मॅडमनी बोट पुढे करून मोजायला सुरुवात केली, तेव्हा रामरावभाऊंनी त्यांना प्रेमाने थांबवले. तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला लाल फीत बांधलेली होती आणि प्रमुख पाहुणे अमरावतीहून अजून निघायचे होते.

"भाऊ, समोरच बसून हायेत हंस. मोजून घेऊ द्या ना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मोजाले कोन नाई म्हनते? पन साहेब यायच्या आधीच मोजले, त साहेबायनं काय मोजावं?"

"उडून गेले त उद्या जेसीबी येते, भाऊ."

"कावून उडतीन? इतक्या दुरून आले ते, बसतीन ना घडीभर. मुरमुरे टाकाले लावतो मी त्यायच्यासाठी."

समितीने तातडीची बैठक घेऊन ठराव केला: उद्घाटनापूर्वी दिसलेले पक्षी दिसले असे समजण्यात येऊ नये. ठराव एकमताने मंजूर झाला. (मॅडम समितीत नाहीत.)

मधल्या वेळात स्वागतगीत झाले, पर्यावरणाची प्रतिज्ञा झाली, माईकची चाचणी चार वेळा झाली. हंस हलले नाहीत. परदेशी असून त्यांनी आपल्या कार्यक्रमाची जी शिस्त पाळली, ती स्थानिकांनाही जमत नाही. लोकांनी हंसांकडे पाठ करून सेल्फी काढले, व्हिडिओ काढले. मॅडम मात्र रस्त्याकडे पाहत होत्या.

अकराच्या सुमारास पाहुणे आले. त्यांचा यथोचित सत्कार म्हणून दहा हजारांची फटाक्यांची लड लावण्यात आली. पहिल्याच बाराला सगळा थवा उठला. मॅडम आभाळाकडे बोट करून मोठ्याने मोजू लागल्या, पण जागा सोडून गेलेले गैरहजर धरतात, ही शाळेतलीच पद्धत रामरावभाऊंनी त्यांना समजावून सांगितली. मग नारळ फुटला, फीत कापली गेली आणि साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला.

"वा! लय साफ दिसून राह्यलं," ते म्हणाले. दुर्बिणीच्या समोर त्यांचाच फ्लेक्स होता.

गणनेचा निकाल असा: टिटवी एक. बगळा एक (म्हशीच्या पाठीवर बसून आल्याने स्थानिक). कावळे भरपूर (मंडपामागे). परदेशी पक्षी निरंक.

तेव्हा मॅडमनी माईक हातात घेतला. "तुमी सारे सकाळपासून इथंच आहा. ज्यायनं हंस पाह्यले, त्यायनं फक्त हात वर करा. तेवढंच लिहून वर पाठवू, तळं वाचून जाईन."

मागणी रास्त होती. रामरावभाऊंचीही हरकत नव्हती. पण नेमके त्याच वेळी रोडगे वाढले गेले. एका हातात पत्रावळ, दुसरा तुपात. तुपाचा हात वर केला की तूप कोपरापर्यंत येते, हे शास्त्र आहे. दीडशेपैकी एकही हात वर झाला नाही. मॅडमनी माईक परत जागेवर ठेवला. मला फार वाईट वाटले, पण पोटात कावळे ओरडत होते. (हे कावळे गणनेत धरलेले नाहीत.)

आता कारंज्याभोवती सिमेंटचे बारा हंस बसवले आहेत. ते उन्हाळ्यातही हजर असतात आणि फटाक्यांना भीत नाहीत. यंदाची गणना दुपारी जेवणानंतर, बसल्या जागेवरून झाली. मॅडम अजूनही पहाटे येतात आणि पेव्हर ब्लॉकवर उभ्या राहून वर पाहतात.

तुम्ही म्हणाल, आपण तिथे असतो तर नक्की हात वर केला असता. पण तुम्ही होताच की, तिसऱ्या रांगेत, पिवळ्या टोपीत. तुम्ही तर पत्रावळ मांडीवर ठेवली होती. डावा हात मोकळा होता. त्यात मोबाईल होता. मॅडम माईकवर बोलत असताना तुम्ही सकाळी काढलेला हंसांचा व्हिडिओ स्टेटसला टाकत होता: 'आमच्या मोतीतळ्याचे परदेशी पाहुणे.' पहिला अंगठा रामरावभाऊंचाच आला.