बॅटरी एकदम ठणठणीत

"लाइट गेली आहे. बॅटरी शंभर टक्के. लाइट आली की कळवण्यात येईल."

गुरुवारी सकाळी हा मेसेज ओसारो स्ट्रीटच्या ग्रुपवर पडला तेव्हा एफोसा इगोदारोच्या एका गालावर साबण होता. दुसरा गाल झाला होता.

"एफोसा! जनरेटर!" मागच्या खोलीतून बायको ओरडली.

"चाललो, चाललो!"

"चाललो म्हणू नकोस, चाल!"

आयसोसाच्या आवाजाला कारण होतं. मागच्या खोलीत दोन मोठे फ्रीझर होते आणि ते झाकणापर्यंत मासळीनं भरले होते. शनिवारी एहिगिएटर घराण्याच्या म्हाताऱ्याचा दफनविधी होता. बेनिन सिटीत दफनाच्या जेवणाला सूप पातळ झालं तर लोक एक वेळ माफ करतात, पण मासळी नासली तर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात. पहिल्या केटरिंगवालीची मासळी नासली म्हणूनच ही ऑर्डर आयसोसाकडे आली होती. एवढी मोठी ऑर्डर तिला याआधी मिळाली नव्हती. थोरला मुलगा, मिस्टर एहिगिएटर, आज संध्याकाळी येऊन प्रत्येक फ्रीझरमधला मासा बोटानं दाबून बघणार होता. बोट आत गेलं तर ऑर्डर बाहेर.

एफोसानं साबणासकट अंगण गाठलं, भिंतीवरच्या चेंजओव्हरचा दांडा सरकारी लाइटवरून जनरेटरवर ओढला आणि दोरीला झटका दिला. तोपर्यंत गल्लीतले सगळे जनरेटर एकापाठोपाठ एक खोकून सुरू झाले होते. बोललेलं ऐकू येईना. पण एफोसाच्या साबण नसलेल्या गालावर समाधान होतं. मेसेज पडल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंत गल्लीनं उसंत घेतली नव्हती, दिव्याकडे बघण्याइतकीसुद्धा. मेसेज पाठवणारं यंत्र त्याचं होतं.

यंत्र म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटाखाली स्क्रूनं बसवलेला बॅटरीचा बोर्ड. लाइट गेली की बोर्ड कॉम्प्युटरला अलगद उचलून घेतो. कॉम्प्युटरला धक्कासुद्धा बसत नाही. बोर्ड त्याला एवढंच सांगतो की आता तू माझ्या जिवावर आहेस, आणि कॉम्प्युटर ते लगेच गल्लीला कळवतो. एफोसा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि हा बोर्ड लोकांना मुलाच्या फोटोसारखा दाखवायचा.

यंत्र बसवलं होतं म्हाताऱ्या उवाइफोंच्या घरी, ज्यांना सगळी गल्ली वडीलकीच्या मानानं 'पा' म्हणायची. त्यालाही कारण होतं. एकदा दांडा जनरेटरकडे ओढला की सरकारी लाइट परत आली तरी घरात कळत नाही. गल्लीत जनरेटर नसलेलं घर एकच, पांचं. त्यांचा दिवा लागला म्हणजे लाइट आली. म्हणून कित्येक वर्षं गल्लीला लाइटची बातमी पा स्वतःच देत आले. ते हायकोर्टात पुकारा करायचे. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. शिवाय ते नुसती बातमी देत नसत. "लाइट आऽली होऽ! मॅडम रोझ, इस्त्री मागच्या वेळेसारखी गाऊनवर विसरू नका! लकी, बायको माहेरी गेली म्हणून दिवसभर झोपू नकोस, दुकान उघड!"

गेल्या महिन्यात गल्लीची सभा झाली आणि ठराव झाला. यापुढे बातमी यंत्र देईल, पांनी ओरडू नये. ठराव लकी न्हाव्यानं मांडला होता. यंत्र बसवायला एफोसा गेला तेव्हा पांनी त्याला खुर्चीसुद्धा दिली नाही.

"हे लाइट नसताना चालतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तीच तर गंमत आहे, पा. लाइट नसली तरी चालतं."

"बरं," पा म्हणाले, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

दुपार झाली तरी "लाइट आली" असा मेसेज नव्हता. गल्लीतलं पेट्रोल संपत आलं. एफोसा कॅन घेऊन पंपावर गेला तर रांगेत पुढे लकी, मागे मॅडम रोझ आणि मध्ये अर्धी गल्ली.

"ब्रदर, तुझ्या मशीनला विचार ना, कधी येणार लाइट?" लकी म्हणाला.

एफोसानं फोनवर यंत्र उघडून बघितलं. "लाइट नाहीच. पण हे बघ! बॅटरी एकोणऐंशी टक्के. सकाळपासून!"

"बॅटरीला माझ्या दुकानात बसव. गिऱ्हाइकाची अर्धी हजामत झालीय, अर्धी राहिलीय. तो टोपी घालून बसलाय."

"पलीकडच्या गल्लीत लाइट आहे म्हणतात," मॅडम रोझ म्हणाली.

"त्यांचा ट्रान्सफॉर्मर वेगळा आहे, मॅडम."

"आणि पांच्या घरात पंखा फिरताना बघितला मी."

रांगेतल्या सगळ्या माना एफोसाकडे वळल्या.

"चार्जिंगचा असेल," एफोसा म्हणाला.

"दिवाही होता."

"दिवेही मिळतात चार्जिंगचे."

"बरोबर आहे," लकी म्हणाला. "मुलगा इटलीत आहे ना त्यांचा. इन्व्हर्टर पाठवला असणार. बघा हं, म्हातारा एका शब्दानं बोलला नाही गल्लीत!"

हे सगळ्यांना पटलं. माणसाकडे लाइट आहे, यापेक्षा त्यानं ती लपवली आहे, हे पटायला नेहमीच सोपं जातं. रांग पंपापर्यंत पोहोचेस्तोवर इन्व्हर्टरला सोलर जोडून झालं होतं आणि मुलानं मिलानमध्ये दुकान काढलं होतं.

एफोसा घरी आला तेव्हा अंगण शांत होतं. शांतता चांगली नव्हती. जनरेटर तापून बंद पडला होता, आणि आयसोसा दोन्ही फ्रीझरवर घरातल्या सगळ्या गोधड्या घालून त्यांच्याभोवती येरझाऱ्या घालत होती.

"पेट्रोल आणलं," एफोसा म्हणाला.

"आता त्याला पाज." तिनं जनरेटरकडे हात केला. "धूर आला त्यातून. काळा."

एफोसानं जनरेटरचा स्पार्क प्लग काढून पुसला, फुंकला, परत बसवला. दोरी ओढली. परत ओढली. लकी आला, त्यानं ओढली. दोरी लकीच्या हातात आली.

"हा दांडा वर करून तरी बघते," आयसोसा चेंजओव्हरकडे वळली.

"कशाला? लाइट आली असती तर मेसेज आला असता."

"करून बघायला काय जातं?"

"आयसोसा, हे यंत्र चुकत नाही. अंदाजानं खटके ओढायचे असतील तर मग यंत्र बसवलं कशाला? हे बघ, आत्तासुद्धा सांगतंय. लाइट नाही. बॅटरी त्रेसष्ट टक्के. एकदम ठणठणीत!"

"तुझी बॅटरी ठणठणीत आहे," ती म्हणाली, "माझे बांगडे मऊ पडतायत." पण तिनं हात खाली घेतला.

ती आत गेली, गोधडी उचलली, झाकण बोटभर उघडलं आणि वरचाच मासा दाबला. बोट आत गेलं नाही, पण जाण्याच्या विचारात होतं. तिनं झाकण मिटलं, मोठं घमेलं काढलं आणि त्यात मासे रचायला लागली.

"काय करतेस?"

"पांकडे जाते. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, लकी सांगत होता. मागच्या खोलीत तो जुना, आपल्या दोन्हींएवढा फ्रीझर आहे. पाया पडते."

"ते माझ्याशी बोलत नाहीत."

"मी तुझ्यासाठी नाही जात. तू दुसरं घमेलं उचल आणि तोंड बंद ठेव."

पा उवाइफो पंख्यासमोर बसून थंड पाण्यात भिजवलेली गारी, म्हणजे कसाव्याचा रवा, चमच्यानं खात होते. वाडग्यात बर्फाचा खडा तरंगत होता. डोक्यावर भरदिवसा दिवा जळत होता. आयसोसानं दारातच गुडघे टेकले आणि घमेलं पुढे ठेवलं.

"पा, कुठल्याही ठरावाला माझं नाव लावू नका, मी सभेला नव्हते. एवढी मासळी तुमच्या फ्रीझरमध्ये ठेवू द्या. तुमचा इन्व्हर्टर एवढी पेलेल ना?"

"कसला इन्व्हर्टर, बाळ?"

"मग पंखा कशावर चाललाय?"

"लाइटवर."

"कुठली लाइट?"

"सरकारची. सकाळपासून आहे." त्यांनी एक चमचा तोंडात घातला. "एकदासुद्धा गेली नाही. इतक्या वर्षांत असा दिवस बघितला नाही मी. पण गल्लीत पैसा फार झालेला दिसतो. लाइट असताना जनरेटर लावून बसलेत सगळे. म्हटलं, फॅशन आली असेल."

बाहेर गल्लीतले जनरेटर एकसुरात गुरगुरत होते. एफोसाच्या हातातलं घमेलं तिरकं झालं आणि एक बांगडा घरंगळत पांच्या पायाशी गेला.

"पा," तो म्हणाला, "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"ओरडायचं नाही असा ठराव आहे. चौतीस वर्षं कोर्टात काढली मी. मनाई म्हणजे मनाई."

"ओरडू नका, पण येऊन सांगायचं तरी!"

"त्यासाठी यंत्र आहे ना?"

एफोसानं कपाटावर बघितलं. यंत्र जागेवर होतं, हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याची वायर कपाटावरून खाली आली होती, आणि तिचा प्लग जमिनीवर, पांच्या चपलेशेजारी पडला होता. भिंतीतल्या एकुलत्या एका सॉकेटमध्ये पंख्याची पिन होती.

"पा! तुम्ही याची पिन काढलीत?"

"सकाळी फार उकडत होतं."

"अहो, मग त्याला वाटलं, लाइट गेली!"

"का वाटेल? तूच म्हणालास, लाइट नसली तरी चालतं." पांनी वाडगं खाली ठेवलं. त्यांना खरोखरच कळेना. "ज्याला लाइट लागत नाही त्याला लाइट द्यायची आणि ज्याला लागते तो पंखा बंद ठेवायचा? मग तू बॅटरी कशाला बसवलीस त्यात?"

एफोसाला उत्तर येत होतं. पण ते द्यायला सुरुवात कुठून करायची ते कळेना.

आयसोसाला कसलंच उत्तर नको होतं. ती मासळी घेऊन मागच्या खोलीत पोहोचली होती. जुन्या फ्रीझरला दिवसभर अखंड लाइट मिळाली होती. आयुष्यात प्रथमच. आत पांनी भरून ठेवलेल्या पाण्याच्या पिशव्यांच्या विटा झाल्या होत्या. तिनं मासळीचा एक थर, विटांचा एक थर असं रचायला घेतलं. "उरलेली आण!" ती ओरडली. "पळ!"

चार खेपा झाल्या. शेवटचं घमेलं रिकामं झाल्यावर एफोसानं यंत्र उचलून मागच्या खोलीत नेलं, फ्रीझरच्या झाकणावर ठेवलं आणि फ्रीझरशेजारच्या सॉकेटमध्ये त्याची पिन घातली. पंख्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

यंत्रानं कर्तव्य बजावलं. "लाइट आली आहे."

गल्लीतले सगळे जनरेटर जवळजवळ एकदम थांबले. सगळे दांडे एकदम वर झाले. दिवसभर खोळंबलेले पाण्याचे पंप, मॅडम रोझची इस्त्री, लकीची दुकानातली यंत्रं, सगळ्यांचे फ्रीज आणि वेल्डरचं मशीन, सगळ्यांनी एकाच क्षणी सरकारच्या तारेला तोंड लावलं. नाक्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून बंदुकीसारखा आवाज झाला. पांचा पंखा दोन फेरे रेंगाळला आणि थांबला.

"लाइट गेली आहे," यंत्रानं कळवलं. "बॅटरी बावन्न टक्के."

ग्रुपवर उत्तरांचा पाऊस पडला. लकीनं लिहिलं, 'ब्रदर, त्या खोटारड्याचा गळा दाब.' कारण तोवर पंख्याच्या पिनेची बातमी गल्लीभर झाली होती. मॅडम रोझनं लिहिलं, 'कोणीही जनरेटर लावू नका. लाइट आहे. मशीन परत फसवतंय.' वेल्डरनं आपल्याच घरातला फ्यूज उघडून तपासायला घेतला. आपल्या घरात अंधार आहे तो आपल्याच वायरिंगमुळे, अशी प्रत्येकाची खात्री पटली आणि जो तो स्टूल घेऊन आपापल्या मीटरवर चढला. एफोसानं तीन वेळा लिहिलं की या वेळी खरोखर गेली आहे. तिन्ही वेळा लोकांनी हसण्याची चित्रं पाठवली.

अशा वेळी, उन्हं उतरताना, काळ्या पोशाखातले मिस्टर एहिगिएटर गल्लीत आले. आयसोसाच्या घरी कुलूप बघून लोकांनी सांगितलं तसे ते पांच्या घरी पोहोचले. त्यांनी कुणाला फारसं बोलू दिलं नाही. मागच्या खोलीत गेले, झाकणावरचं यंत्र आदरानं बाजूला केलं, झाकण उघडलं आणि मासा दाबला. मग दुसरा. तळाचाही काढून दाबला. आयसोसा त्यांच्या बोटाकडे बघत होती. बोट दर वेळी दगडावर आपटल्यासारखं परत येत होतं.

"लाइट नाही तुमच्याकडे," ते म्हणाले.

"सकाळपासून नाही," दारातून डोकावणारा लकी म्हणाला. सवयीनं.

"जनरेटरचाही आवाज येत नाही."

"माझा जळला," आयसोसा म्हणाली. ते खरंच होतं.

मिस्टर एहिगिएटरनी परत एकदा मासा दाबला. मग त्यांची नजर यंत्रावर गेली. अंधारलेल्या खोलीत त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि त्याची वायर फ्रीझरच्या मागे उतरत होती.

"हे काय आहे?"

"बॅटरीचा बोर्ड," एफोसा म्हणाला. या प्रश्नाला तो झोपेतही उत्तर देत असे. "लाइट गेली की हा सगळा भार उचलतो. धक्कासुद्धा बसत नाही."

"सकाळपासून हाच चालू आहे?"

"सकाळपासून. अजून अठ्ठेचाळीस टक्के आहे!"

मिस्टर एहिगिएटरनी झाकण हलकेच बंद केलं. "मॅडम, ऑर्डर तुमची," ते म्हणाले. आयसोसानं श्वास सोडला. पण ते निघाले नाहीत. त्यांनी टोपी काढली, दारातल्या लकीकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"शवागारातला जनरेटर कालपासून रडतोय. शनिवारपर्यंतचाच प्रश्न आहे. हे यंत्र दोन दिवसांसाठी मिळेल?"

एफोसानं तोंड उघडलं. आयसोसाची टाच त्याच्या पायावर पडली आणि तिथेच राहिली. पा उवाइफो छताकडे बघत होते, मनाई असल्यासारखे.

ती शांतता मिस्टर एहिगिएटरना समजली. घासाघीस करायला आलेला माणूस नव्हता तो. त्यांनी एफोसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाराची काळजी करू नका," ते म्हणाले. "बाबा तसे अंगानं बारीकच होते."