उदाजीरावांचं बाळंतपण

उदाजीरावांनी जेवण टाकलं आणि देवासच्या घरात तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

उदाजीराव म्हणजे वेदिकेचा सरडा, चांगला रंगबिंग बदलणारा. बंगळुरूच्या घरमालकाने कटकट केली तेव्हा लेक त्याला आईवडिलांच्या गळ्यात मारून गेली. त्यानंतर दोन दिवाळ्या तिच्याविना गेल्या. पण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल मात्र यायचा. "तात्या, उदाजी दाखवा ना!" तात्या पिंजऱ्यापुढे मोबाइल धरायचे आणि कडेने आपलं अर्धं तोंडही घुसवायचे. सरड्याला काही झालं तर हा फोनसुद्धा बंद पडेल, या धास्तीने त्यांचा जीव टांगणीला लागला.

म्हणून त्यांनी लपवलं. एकदा नेटवर्क नाही म्हणाले, एकदा "झोपलाय गं" म्हणाले. शेजारचा दीपेश डोकावून म्हणाला, "तात्या, इसको गर्मी लग री है. कूलर लगाओ, भिया!" कूलर लावला, तर उदाजीराव काळेठिक्कर पडले. घाबरून कूलर बंद केला, तर ते फांदीवरून उतरून पिंजऱ्याचा तळ ओरबाडू लागले.

"वेदूच्या आठवणीने वेडा झालाय हो," तात्या रडवेले होऊन म्हणाले. "त्याचं तरी काय चुकलं!"

जयवंतीबाई पोळ्या सोडून आल्या. वाकून पाहिलं. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, आत वाटाणे भरल्यासारखं.

"अहो, हे राव कसले, बाई आहे ही! दिवस भरलेत तिचे."

"कशावरून?"

"वेदूच्या वेळी मी नव्हता माळा उपसला? तशीच जागा शोधतेय बिचारी. अंडी घालायला माती द्या आधी, नाहीतर अडून जिवानिशी जाईल!"

तात्यांनी धावतपळत बादलीभर ओलसर माती पिंजऱ्यात ठेवली. उदाजीराव तीत शिरले ते दिसेनासेच झाले. नेमका तेव्हाच फोन वाजला.

"तात्या, पिंजरा रिकामा का? उदाजी कुठंय?"

तात्या मोबाइल पाठीमागे लपवू लागले. जयवंतीबाईंनी फोन ओढून घेतला. "तुझा उदाजी बाळंत होतोय. आता पिल्लं होतील गं! आम्हा म्हाताऱ्यांना त्यांचं काय कळणार?"

"काय सांगतेस, आई! थांबा, मी येतेच!"

आणि खरंच आली. खांद्यावरची बॅगही न उतरवता पिंजऱ्याकडे धावली. उदाजीराव सडपातळ होऊन फांदीवर बसले होते आणि नाकतोडे मटकावत होते. वेदिकेने माती उकरून अंडी काढली आणि खो खो हसत सुटली.

"अगं आई, ही फोल आहेत! नर नसताना पिल्लं कुठून येणार? घाईत माझ्याही डोक्यात आलं नाही!"

"एवढं कळतं मला," तिचं पान वाढत जयवंतीबाई म्हणाल्या.

"मग फोनवर का तसं सांगितलंस?"

"नुसते आम्ही आहोत म्हणून आली होतीस का कधी?"

वेदिकेचं हसू विरलं. बॅग खाली ठेवून ती पानावर बसली. तात्या पिंजऱ्याकडे पाहत होते. मग त्यांनी हळूच विचारलं,

"वेदू, ही परत अंडी कधी घालते गं?"