रावजी साळिंदराची फाटकी सीट

एका जंगलात उतार कमी होते आणि चढ फार होते. मुलांनो, जाताना जो उतार तोच येताना चढ, मग हे कसं, असं विचारू नका. गुडघे दुखायला लागले की तुमचं तुम्हाला कळेल.

त्या जंगलात एका माकडाने सायकलींचं दुकान काढलं. साध्या सायकलींचं नव्हे. या सायकलींना तीन चाकं होती आणि त्यांवर बसायचं नव्हतं. आरामखुर्चीत रेलतात तसं रेलायचं होतं. पाय पुढे लांब करायचे आणि पडल्या पडल्या पायडल मारायचं. सायकल इतकी बुटकी की गवतात दिसेनाशी व्हायची. म्हणून मागे लांब काठीवर एक नारिंगी झेंडा लावलेला असे.

"ही पडून राहायची सायकल आहे," माकडशेठ प्रत्येकाला सांगत. "शिवाय चालते."

सगळं जंगल दुकानात लोटलं. गवा रेलला तो उठेचना. त्याला बाहेर काढायला हत्ती बोलवावे लागले. कासव रेललं आणि त्याचे चारही पाय हवेत राहिले. ते अजून तसंच आहे. फार आराम वाटतो, असं सांगतं. दुसरं काय सांगणार?

त्याच जंगलात रावजी नावाचे एक वयस्कर साळिंदर राहत. त्यांची बायको भागूबाई मागच्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून रावजी बिळाच्या तोंडाशी बसून असत. बिळात जागा पुष्कळ होती, पण ते बाहेरच बसत.

एक दिवस खार निरोप घेऊन आली. रावजींची लेक सगुणा टेकडीपलीकडे दिली होती. तिचा निरोप होता.

"बाबा, पोरीचं बारसं आहे. मला आईचं नाव ठेवायचंय. पण आत्याबाईंनी 'मायरा' ठरवून टाकलंय. इथे माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही या. सूर्य टेकडीला टेकायच्या आत या. मग मुहूर्त संपतो."

रावजींनी आधी टेकडीकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे. आणि ते माकडशेठच्या दुकानात गेले.

"या काका! रेला!"

रावजी रेलले. टर्र झालं. सीट फाटली.

साळिंदराच्या पाठीवर काटे असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. माकडशेठनाही ठाऊक होतं. पण कंपनीने सीटचं माप माकडांच्या पाठीवरून घेतलं होतं.

"काळजी नको, गॅरंटी आहे," माकडशेठ म्हणाले आणि त्यांनी लगेच नवी सीट बसवली.

रावजींनी ओढ्यापर्यंत सराव सुरू केला. नव्या सीटमध्ये काटे मुडपत. पाठीत कळ येई. मग हळूहळू सीटला भोकं पडत. संध्याकाळपर्यंत जरा बरं वाटू लागे. आणि सकाळी पाहावं तर माकडशेठनी सीट बदललेली. असं रोज चाललं.

"शेठ, कालचीच राहू द्या," रावजी म्हणाले. "ती आता कुठे पाठीला ओळखायला लागली होती."

"फाटकी सीट? माझ्या गिऱ्हाइकाच्या पाठीखाली? रस्त्यात कोणी बघितलं तर दुकानाची अब्रू जाईल."

"पण नवी टोचते हो."

"तुम्ही तिला टोचता, काका. ती बिचारी मऊ आहे." माकडशेठनी मान तिरकी करून रावजींची पाठ न्याहाळली. "त्यापेक्षा काटे थोडे कापून घेऊ या का? सीट उत्तम आहे. दोष पाठीत आहे."

"आणि बिबट्या आला म्हणजे?"

"बिबटेसाहेब? ते आपलेच गिऱ्हाईक आहेत!"

रावजींनी काटे कापू दिले नाहीत. बारशाचा दिवस उजाडला. सकाळी सायकलवर पुन्हा नवी कोरी सीट.

"आज शुभकार्याला निघालात ना! म्हणून दुप्पट जाड," माकडशेठ हसत म्हणाले.

रावजी निघाले. ओढ्याशी पोचेपर्यंत त्यांचे काटे त्या दुप्पट जाड सीटमध्ये असे रुतले की ना पुढे सरकता येईना ना उठता येईना. कसेबसे सुटून, सायकल ढकलत ते परत आले. सूर्य डोक्यावरून कलला होता.

दुकानामागे फाटक्या सीटचा ढीग पडला होता. सगळ्या रावजींच्याच. ते एकेकीवर पाठ टेकून बघू लागले. एका सीटवर काटे आपापल्या भोकांत अलगद गेले. रावजींनी डोळे मिटले.

"अहो काका, ती फाटकी आहे!" माकडशेठ धावत आले. "तिच्यात कसला आलाय आराम?"

"लग्न झालं तेव्हा भागूला माझे काटे टोचायचे," रावजी म्हणाले. "मला तिचे टोचायचे. ती काही बोलायची नाही. थोडी इकडे सरकायची, थोडी तिकडे. मग एक दिवस टोचायचं थांबलं."

"काटे गळले?"

"नाही. जागा झाल्या."

माकडशेठना यातलं काही समजलं नाही. "ही सीट लावलीत तर गॅरंटी जाईल," ते म्हणाले.

"घरातलं माणूस जातं, शेठ," रावजी म्हणाले, आणि सीट वेलीने बांधू लागले.

सायकल छान चालली. अर्धी टेकडी चढून झाली तेव्हा रावजींना गवताच्या वर एक नारिंगी झेंडा दिसला. झेंड्याखाली बिबट्या होता. पाय लांब करून, पोट वर करून पडलेला. पोट पार खपाटीला गेलं होतं.

"कोण, रावजी? कुठे निघालात?"

"नातीचं बारसं आहे."

"वा, वा. तुम्हाला खायला हवं होतं खरं तर."

"हो."

"पण उठावं लागेल."

"ते आहेच. जेवला नाहीत वाटतं बऱ्याच दिवसांत?"

"कुठलं हो! झेंडा दिसला की हरणं पळतात."

"मग काढून टाका तो."

"त्यालाही उठावं लागतं." बिबट्याने मान न हलवता डोळे फिरवले. "तुमची सीट फाटली आहे. तक्रार करा, नवी देतात. जाता जाता माझी उशी जरा वर सरकवता का?"

"परत येताना बघतो," रावजी म्हणाले आणि त्यांनी जोरात पायडल मारलं.

सूर्य टेकडीला टेकायला आला होता. आत्याबाई पाळण्यावर वाकल्या होत्या. अंगणात झेंडा फडफडताना दिसला तशी सगुणा ओरडली, "थांबा! बाबा आले!"

"वेळेवर यायला काय झालं होतं?" आत्याबाई म्हणाल्या.

"सीट फार चांगली मिळाली होती," रावजी धापा टाकत म्हणाले. "पोरीचं नाव भागू ठेवा."

"भागू? अहो, आजकाल कोण ठेवतं असलं नाव? शाळेत हसतील तिला."

"काटे आहेत तिला," रावजी म्हणाले. "हसू दे."

आत्याबाईंनी टेकडीकडे पाहिलं. सूर्य तर टेकतच होता. त्या पुन्हा वाकल्या आणि त्यांनी पोरीच्या कानात भागू म्हटलं, जरा नाक मुरडूनच.

सगुणाने पोरीला उचलून रावजींच्या कुशीत दिलं. पोर किरकिरली. थोडी इकडे सरकली, थोडी तिकडे सरकली. मग शांत झोपली.

रावजी खूप वेळ हलले नाहीत.

तात्पर्य: आराम ही फार चांगली गोष्ट आहे. ती आधी बिबट्याला मिळवून द्यावी. आपलं फाटक्यावर चालतं.